झाडलोटीचा युरिया

टॉर्व्हिक गावच्या दफनभूमीतलं गवत त्या उन्हाळ्यात इतकं विरळ झालं, की म्हाताऱ्याच्या टाळूसारखी खालची माती दिसायला लागली. जुलै कोरडा गेला. ऑगस्टने ढगाचा तुकडासुद्धा दाखवला नाही. चार एकर जमीन, तीनशेबारा कबरी, आणि त्यांच्यावरचं हिरवं पांघरूण राखायला एकटी आर्डिस क्वाले. वय चौसष्ट. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली त्या वर्षी तिने हे काम मागून घेतलं होतं. तीस वर्षं जागत्या लेकरांना वाढलं, आता निजलेल्यांचं बघते, असं ती म्हणायची, आणि गवत कापायचं यंत्र ढकलत ओळीओळीने जायची. कोणाचा दगड कुठे, कोणाच्या उशाशी कोण, हे तिला तोंडपाठ होतं.

सप्टेंबरच्या शेवटी चर्चच्या तळघरात दफनभूमीच्या समितीची सभा झाली. समितीचा प्रमुख लॉवेल स्टेन्सरूड. आर्डिसबरोबर एकाच वर्गात शिकलेला, कमी बोलणारा, आणि जे बोलेल ते करणारा.

"आर्डिस, शहरातली एक कंपनी आहे," तो कॉफीच्या कपात बघत म्हणाला. "ते लोक गवताचं सगळं बघतात. मला आवडतं असं नाही. पण लोक विचारायला लागलेत."

"वसंतात विचारू देत," आर्डिस म्हणाली. "पानगळीत एकदा पोटभर नत्र मिळालं ना, की गवत भरतं. वर पातं निजतं, पण खाली मुळं जेवत असतात. हेच तर त्यांचे जेवायचे दिवस."

"किती खर्च?"

"दीडशेच्या आत," ती म्हणाली, आणि घरी येईपर्यंत स्वतःच्या जिभेला शिव्या देत आली.

कारण दुकानात लॉनच्या खताची एक पिशवी चाळीस डॉलरला होती. पिशवीवर हिरवंगार अंगण आणि त्यावर लोळणारं कुत्रं. चार एकरांना अशा पस्तीस पिशव्या लागल्या असत्या.

"त्या कुत्र्याचे पैसे घेतात," तिचा नवरा डेलमर म्हणाला. तो जन्मभर शेतकरी होता, आणि गुडघे गेल्यापासून खिडकीशी बसून जगाचे दोष काढायचा. "आतमध्ये युरियाच असतो, आर्डिस. मक्याला घालतात तोच. तू गोदामात जा. व्हर्लिनला विचार झाडलोट आहे का."

झाडलोट ही त्या गावातली जुनी रीत. शेतकऱ्यांच्या सहकारी गोदामात पानगळीला खताचे कप्पे रिकामे करतात, तेव्हा कोपऱ्यांत सांडलेलं, भिंतीला चिकटलेलं खत झाडून एकीकडे ओढतात. ते विकता येत नाही आणि टाकवतही नाही. मग कोणी बाई येते, बादली भरून फुलझाडांना नेते, आणि दुसऱ्या दिवशी गोदामाच्या टेबलावर सफरचंद भरून भाजलेला ॲपल पाय झाकून ठेवलेला दिसतो.

व्हर्लिन गोदामाचा मुकादम. चाळिशीचा, पण आर्डिसला बघितलं की अजून रांगेत ताट धरून उभा असल्यासारखा सरळ व्हायचा.

"क्वालेबाई, किती हवंय?"

"बारा बादल्या."

"बारा! कोणाचं अंगण आहे, राज्यपालांचं?"

"तुझ्या आजीच्या डोक्यावरचं," आर्डिस म्हणाली. "आणि आजोबांच्या. आणि तू असाच हसत बसलास तर पुढेमागे तुझ्याही."

व्हर्लिन मोठ्याने हसला. त्याने स्वतः फावडं घेतलं, आणि मागच्या कोपऱ्यातला पांढराशुभ्र, साबुदाण्यासारखा ढीग बारा बादल्यांत भरून तिच्या गाडीत चढवून दिला.

आर्डिसची पेरायची तऱ्हा ठरलेली होती. चाकांच्या पसरणीत, म्हणजे ढकलत नेऊन खत विखुरायच्या गाडीत, एक बादली ओतायची, आणि एका बादलीत उत्तरेच्या कुंपणापासून दक्षिणेच्या कुंपणापर्यंत एक पट्टा पुरवायचा. पहिली बादली फाटकाशी, जुन्या वसाहतवाल्यांच्या पट्ट्याला. मग लीन कुटुंबाचा पट्टा, मग सैनिकांचा. आभाळ राखाडी होतं. दाणे पसरणीतून सांडताना बारीक सरीसारखे वाजत होते. अकरावी बादली लेकरांच्या ओळीला लागली. तिथले दगड पावाएवढे लहान, आणि त्यांतल्या काहींवर दगडी कोकरू निजलेलं. त्या ओळीत ती नेहमीसारखीच सावकाश चालली. बारावी बादली संपली आणि पावसाचा पहिला थेंब तिच्या मनगटावर पडला. पाऊस संथ, मुरणारा, मागून घेतल्यासारखा. घरी येऊन तिने ओले मोजे चुलीपाशी टांगले, आणि उद्याच्या ॲपल पायसाठी सफरचंदं सोलायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती नुकताच भाजलेला ॲपल पाय घेऊन निघणार, तेवढ्यात व्हर्लिनच दारात उभा. टोपी हातात. तोंड पिठासारखं.

"क्वालेबाई, ते टाकलंत का?"

"टाकलं की. पाऊस पण कसा—"

"सगळं?"

आर्डिसने हातातला ॲपल पाय पायरीवर ठेवला.

तो पायरीवरूनच बोलला, आत आला नाही. नवा माणूस लागलाय गोदामात. गेल्या आठवड्यात त्याला कोठारांभोवतीच्या खडीवर तण मारायला सांगितलं होतं. त्याने औषध सारखं पसरावं म्हणून युरियात कालवलं, आणि उरलेलं तसंच मागच्या कोपऱ्यात ओतून दिलं. व्हर्लिनला ते आज सकाळी कळलं.

"काय औषध?"

"ते... निवडून नाही मारत, बाई. सगळंच मारतं. दोन-दोन वर्षं तिथे काही उगवत नाही. खडीवर तेच तर हवं असतं."

"आणि माझ्या बादल्यांत किती गेलं?"

"माहीत नाही. ढीग एकच होता. एका बादलीत असेल, चारांत असेल. कदाचित एकातही नसेल." त्याचा आवाज फुटला. "साहेबांना कळलं तर माझं लायसन जातं, बाई. तीन पोरं आहेत मला. तुम्हाला हात जोडतो."

आतून डेलमर ओरडला, "कोण आहे? दार लावा, सगळी ऊब चालली!"

आर्डिसने दार ओढून घेतलं, आणि ती व्हर्लिनबरोबर बाहेरच्या थंडीत उभी राहिली. तिला दिसत होता तो पाऊस. तिने मागून घेतलेला, मातीत एकेक दाणा विरघळवून खाली खाली नेणारा.

"यावर उपाय?"

"एक कोळशाची भुकटी येते, खास केलेली. ती विष धरून ठेवते, मुळांपर्यंत जाऊ देत नाही. पण ती महाग असते. चार एकरांना पुरवायची तर हजारो डॉलर. आणि जमीन गोठायच्या आत टाकायला हवी. नेमकं कुठे आहे ते कळलं तर..."

"आणि ते कसं कळतं?"

व्हर्लिनला ते माहीत नव्हतं. पायरीवर ॲपल पाय तसाच गरम वाफ सोडत होता. तो कोणीच उचलला नाही.

डेलमरला सांगावंच लागलं. त्याने एकदाही दोष काढला नाही, आणि त्याचीच आर्डिसला अधिक भीती वाटली.

"माझा बाप एक करायचा," तो म्हणाला. "नवीन जमिनीत आधीच्याने काय मारून ठेवलंय कळायचं नाही, तेव्हा. त्या रानातली माती डब्यात घ्यायची, त्यात ओट्सचं बी टाकायचं, आणि डबा उन्हाच्या खिडकीत ठेवायचा. बाहेर गवत थंडीत अर्धवट झोपेत पितं, त्याला कळायला वसंत लागतो. खिडकीत बी जागेपणी पितं. त्याला लवकर कळतं."

"किती लवकर?"

"जमीन गोठायच्या आत," डेलमर म्हणाला. "बहुतेक."

ती त्याच दुपारी गेली. प्रत्येक पट्ट्यातून वरची दोन बोटं माती, पट्ट्यामागे एक कॉफीचा डबा. तिने बादल्या एकमेकींत कालवल्या नव्हत्या, ज्या क्रमाने भरल्या त्या क्रमाने पेरल्या होत्या. त्यामुळे विष असलंच, तर ते आपापल्या पट्ट्यात असणार. एवढाच काय तो आधार. तेराव्या डब्यात घरच्या परसातली निर्मळ माती घेतली, ताडून बघायला. डब्यांवर तिने आकडे घातले नाहीत. वसाहतवाले, लीन, सैनिक, असंच लिहिलं. अकराव्या डब्यावर 'लेकरं' लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

आणि मग ती गप्प बसली.

रोज सकाळी डोळा पुरता उघडायच्या आधी ती खिडकीशी असायची. डब्यांतली काळी माती तिच्याकडे बघायची, ती मातीकडे. रस्त्याने कोणाची गाडी हळू झाली, तरी ती खिडकीतून मागे सरकायची. फोन वाजला की ती डेलमरला खुणेने नाही म्हणायची. तळघरातल्या रविवारच्या कॉफीचीही तिने टाळाटाळ करून बघितली. पण जावंच लागलं.

तिथे लॉवेल तिच्याकडे सरळ चालत आला. तिने हातातला कप बशीवर ठेवून दिला.

"आर्डिस, मी आज सकाळी तिकडून आलो," तो म्हणाला. "काय हिरवं झालंय गं! आठवड्यात! मी समितीला सांगितलं, कंपनीचं नाव आता काढायचं नाही."

भोवतीच्या बायका हसल्या. "हिच्याच हाताला गुण आहे," एकजण म्हणाली. "शाळेत हिच्या हातचा पातळ रस्सासुद्धा मुलं चाटून खायची."

"पातळ?" दुसरी म्हणाली. "त्यात बटाटा शोधायला होडी लागायची."

आर्डिसही हसली. तिला आपलं हसणं दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडातून आल्यासारखं ऐकू आलं. हिरवं होणारच होतं. नत्र मिळालं की गवत हिरवं होतंच, मरणार असलं तरी आधी होतं. लोक तिचं कौतुक करत होते, आणि तिला त्या प्रत्येक हिरव्या पात्याची भीती वाटत होती.

सहाव्या दिवशी ओट्स उगवले. तेराही डब्यांत. सुईसारखी, सरळ, पोपटी पाती. आर्डिसने स्वयंपाकघरातून हाक मारली, आणि तिचा आवाज पोरीसारखा चिरकला.

"डेलमर! आले! सगळे आले रे!"

तो काठी टेकत आला. एकेका डब्यात वाकून त्याने नीट बघितलं. आर्डिस त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिचं हसू तिथेच थिजलं.

"अजून नाचू नकोस," तो हळू म्हणाला.

"का?"

"दाण्याची शिदोरी असते, आर्डिस. आईने बांधून दिलेली. पहिले काही दिवस रोप त्या शिदोरीवर वाढतं. मातीचा घास ते अजून घेतच नाही." त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "शिदोरी संपू दे. मग खरं कळेल."

मग ते दिवस सुरू झाले. रोपं वाढत होती, बोटभर, मग दोन बोटं, आणि दर दिवशी त्यांच्या पदरची शिदोरी एका दिवसाने कमी होत होती. आर्डिसला ती लेकरं जेवायला बसल्यासारखी वाटायची, तेरा ताटं मांडलेली, आणि कोणत्या ताटात काय वाढलंय हे वाढणारणीलाच ठाऊक नाही. पाणी घालताना तिचा हात अकराव्या डब्यावर थांबायचा. तेच पाणी, तेवढंच पाणी. मेपलची पानं गळून गेली. रात्री गवतावर हिव पडायला लागलं. दफनभूमीच्या वाटेवर ती बूट आपटून बघायची. माती अजून मऊ आवाज करत होती. किती दिवस करेल?

"सांगून टाक लॉवेलला," डेलमर एकदा म्हणाला.

"काय सांगू? कदाचित काहीच नाहीये. उगाच व्हर्लिनचा जीव जायचा."

"व्हर्लिनचा?" डेलमरने तिच्याकडे बघितलं. "बरं. व्हर्लिनचा."

चौदाव्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. बारा डबे हिरवे होते. अकराव्यातल्या पात्यांची टोकं पिवळी पडली होती. सगळ्यांची एकसारखी, जणू कोणी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली होती. तिने एक पातं बोटांत धरलं. ते मऊ होतं, आणि खालपर्यंत पाणी सोडल्यासारखं झालं होतं.

लेकरांची ओळ.

तिने खिडकीपाशी स्टूल ओढलं. ती स्टुलावर बसली आणि डबा मांडीवर घेतला. त्या ओळीत चोवीस दगड होते. सगळ्यांत जुने घटसर्पाच्या साथीचे, एका महिन्यात गेलेली नऊ मुलं. सगळ्यांत नवा पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा, वर कोकरू असलेला. त्यावर एकच तारीख होती, कारण दुसरी लागलीच नव्हती. नाव होतं सोल्व्हाइग स्टेन्सरूड. लॉवेलची मुलगी.

तिने कोट घातला, डबा उचलला, आणि चालत निघाली. वाटेत गोदाम लागलं. व्हर्लिन दारातच होता. तिने डबा नुसता वर धरला. त्याने बघितलं, आणि टोपी काढली.

"तुझं नाव मी घेणार नाही," ती म्हणाली. "पण मी आता गप्प राहत नाही."

"नाव घ्यावंच लागेल, बाई," व्हर्लिन खाली बघत म्हणाला. "भुकटी मागवायची तर साहेबांना सांगावं लागणार. मी आत जातो. तुम्ही तिकडे जा."

लॉवेल मागच्या अंगणात सरपण रचत होता. आर्डिस दहा पावलांवर थांबली. तिला वाटलं होतं शब्द जुळवून जावं, पण सगळे वाटेतच गळून पडले. तिने सरळ सांगितलं. झाडलोट, पाऊस, डबे, अकरावा पट्टा.

तो ऐकताना हातातलं लाकूड ठेवायचं विसरला.

"कोणती ओळ म्हणालीस?"

"लेकरांची."

लॉवेलने लाकूड रचलं. दुसरं उचललं, तेही रचलं. आर्डिसला वाटलं, हा आता सगळा ढीग रचेपर्यंत बोलणार नाही, आणि आपण इथेच उभ्या उभ्या गोठून जाऊ.

"हे तुला कधी कळलं?"

"आज सकाळी."

"शंका कधी आली?"

आर्डिसने तोंड उघडलं. खोटं अगदी ओठांवर तयार होतं, गरम, गोड. ते तिने गिळलं.

"पेरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे दोन आठवडे." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी तळघरात तुझं कौतुक करत होतो, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि मध्ये तीनदा पाऊस झाला."

"हो, लॉवेल."

तो वळला आणि घरात गेला. दार त्याने आपटलं नाही, हळूच लावलं. आर्डिस अंगणात एकटी राहिली. तिला वाटलं परत जावं. पण ती तिथेच थांबली. एवढ्यात तो कोट आणि दोन दाताळी घेऊन बाहेर आला.

"चल," तो म्हणाला. "पट्टा कुठून कुठपर्यंत ते दाखव."

भुकटी यायला पाच दिवस लागले. गोदामानेच ती पाठवली, न बोलता. व्हर्लिनचं काय करायचं ते अजून ठरायचं होतं, पण पोती उतरवायला तोच आला. ती भुकटी रात्रीपेक्षा काळी आणि पिठापेक्षा हलकी होती. तिघांनी मिळून ती त्या एका पट्ट्यावर पसरली, दाताळ्यांनी गवताच्या मुळाशी घातली, पाणी मारलं, पुन्हा ओढली. दगडांपाशी दाताळं पोचत नव्हतं, तिथे आर्डिस गुडघ्यांवर बसून हातांनी चोळत होती. नऊ मुलांच्या दगडांपाशी. मग त्यांच्या पुढच्या. कोकराच्या दगडापाशी ती आली तेव्हा तिथे लॉवेल आधीच गुडघ्यांवर होता. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. ती त्याला वळसा घालून पुढच्या दगडाकडे गेली.

तिसऱ्या दिवशी जमीन गोठली. बुटाखाली ती फरशीसारखी वाजली.

मग पहिला बर्फ पडला, पातळ, भाकरीवर पीठ भुरभुरावं तसा. सकाळी आर्डिस फाटकाशी आली आणि थबकली. चार एकर पांढरेशुभ्र होते, आणि त्यांच्या पलीकडच्या कडेजवळ, उत्तरेच्या कुंपणापासून दक्षिणेच्या कुंपणापर्यंत, एक लांब काळा पट्टा. ऊन काळ्यावर जास्त तापतं. तिथला बर्फ टिकला नव्हता. तिची चूक साऱ्या गावाला दिसेल अशी रेखून ठेवली होती, आणि ती आता मार्चपर्यंत अशीच दिसणार होती, प्रत्येक बर्फानंतर, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला.

खाली काय चाललंय, ते मात्र कोणालाच दिसत नव्हतं. कोळशाने विष धरलं होतं, की ते आधीच खाली उतरून मुळांशी बसलं होतं? ती कान देऊन उभी राहिली, जणू काही ऐकू येणार होतं.

मागे गाडीचं दार वाजलं. लॉवेल येऊन तिच्याशेजारी उभा राहिला. खांद्याला खांदा नाही, हातभर अंतरावर. त्याने बराच वेळ त्या काळ्या रेघेकडे बघितलं.

"जगेल का गं?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही," आर्डिस म्हणाली.

तो मान हलवून तसाच उभा राहिला.

"एप्रिलमध्ये पहिल्यांदा कधी बघायला येशील?"

तिला क्षणभर प्रश्न कळलाच नाही. मग कळला: वसंतातही हे काम तिच्याकडेच होतं.

"बर्फ वितळला की," ती म्हणाली. "पहिल्याच सकाळी."

"मलाही हाक मार," लॉवेल म्हणाला. "एकटी जाऊ नकोस."